जोडप्यांची एचआयव्ही चाचणी

पती-पत्नीने किंवा लैंगिक जोडीदारांनी एकत्र समुपदेशन घ्यायचे, एकाच वेळी रक्त तपासून घ्यायचे आणि दोघांचे निकाल एकमेकांसमोर ऐकायचे, अशी ही पद्धत. तिचा पाया 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात रवांडातील किगाली येथे आणि पुढे झांबियातील लुसाका येथे सुसान ॲलन व सहकाऱ्यांच्या कामातून घातला गेला. एकाला लागण आहे आणि दुसऱ्याला नाही हे दोघांनाही कळले, की निरोधचा वापर वाढतो आणि नवी लागण घटते, असे तेथे दिसून आले. जागतिक आरोग्य संघटनेने 2012 मध्ये या चाचणीसाठी स्वतंत्र मार्गदर्शिका काढली.

एकाचा निकाल तो दुसऱ्याचाही, हा समज चुकीचा आणि घातक आहे. प्रत्येक संबंधातून विषाणू जातोच असे नाही. ते बऱ्याच अंशी रक्तातील विषाणूंच्या प्रमाणावर अवलंबून असते. त्यामुळे वर्षानुवर्षे संसार करूनही एक जोडीदार निगेटिव्ह असू शकतो. त्याला ‘विंडो पिरियड’ (लागण होऊनही ती चाचणीत न दिसण्याचा सुरुवातीचा काळ) लक्षात घेऊन ठरावीक काळाने पुन्हा तपासावे लागते.

अशा जोडप्यांसाठी सर्वांत मोलाचा पुरावा एचपीटीएन 052 या चाचणी-अभ्यासाने दिला. नऊ देशांतील 1763 जोडप्यांत पुणे आणि चेन्नई येथील जोडपीही होती. बाधित जोडीदाराला लवकर एआरटी (विषाणूला दाबणारे औषधोपचार) सुरू केल्यास दुसऱ्याला होणारी लागण 96 टक्क्यांनी घटते, हे 2011 मध्ये जाहीर झाले. गोळ्या नियमित घेऊन विषाणू मोजणीत न सापडण्याइतका दबलेला राहिला, तर लैंगिक संबंधातून तो जोडीदाराकडे जात नाही, हे पुढील अभ्यासांनी पक्के केले.

भारतात ही चाचणी सरकारी आयसीटीसी (एकात्मिक समुपदेशन व चाचणी) केंद्रांत मोफत होते. गर्भवतीची तपासणी बहुधा आधी होते आणि ‘रोग हिनेच आणला’ हा ठपका तिच्याच माथी येतो. तिची लागण आधी कळली, एवढ्यावरून ती आधी झाली असे ठरत नाही. नवरा पहिल्याच भेटीत सोबत बसला, तर हा अन्याय बराच टळतो. म्हणून एकत्र चाचणीचा आग्रह धरायला हवा. मात्र घरी मारहाणीची भीती असलेल्या स्त्रीला त्यासाठी भरीस पाडू नये. एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, 2017 नुसार जोडीदाराला निकाल कळवण्याची मुभा केवळ डॉक्टर व समुपदेशकाला, तीही ठरावीक अटींवर आहे. स्त्रीला टाकून दिले जाण्याचा किंवा इजेचा धोका असेल, तर तिचा निकाल कळवण्यास मनाई आहे.

लग्नाआधी चाचणी सक्तीची करावी, ही मागणी अधूनमधून होते. अमेरिकेतील इलिनॉय राज्याने 1988 मध्ये ती सक्ती केली. अनेक जोडप्यांनी शेजारच्या राज्यांत जाऊन लग्ने लावली आणि 1989 मध्ये कायदा मागे घ्यावा लागला. भारतात 2017 च्या अधिनियमाने चाचणीसाठी संमतीची अट घातली आहे.