सर्वांत मोठ्या ज्ञात मूळ संख्येचे गणित

दोनचा १३,६२,७९,८४१ वा घात घेऊन त्यातून एक वजा केल्यास येणारी संख्या ४ कोटी १० लाख २४ हजार ३२० अंकी आहे. ती मूळ संख्या आहे. म्हणजेच एक आणि ती स्वतः यांखेरीज कोणत्याही संख्येने तिला निःशेष भाग जात नाही. ‘गिम्प्स’ या जागतिक स्वयंसेवी संगणन प्रकल्पाने २१ ऑक्टोबर २०२४ रोजी तिचा शोध जाहीर केला, तेव्हा ती ज्ञात मूळ संख्यांत सर्वांत मोठी ठरली. डिसेंबर २०१८ मध्ये सापडलेली आधीची विक्रमी संख्या २ कोटी ४८ लाख ६२ हजार ४८ अंकी होती.

पानावर तीन हजार अंक छापले तरी ही संख्या साडेतेरा हजारांहून अधिक पाने व्यापेल. तरीही तिच्याविषयी बरेच काही कागद-पेन्सिलीने सांगता येते. दोनच्या घातांचे एकक स्थानचे अंक २, ४, ८, ६ असे फिरत राहतात. येथील घातांकाला चारने भागल्यास बाकी १ उरते. त्यामुळे घाताच्या शेवटी २ आणि या संख्येच्या शेवटी १ येतो. संगणकाच्या द्विमान पद्धतीत तर ती म्हणजे १३,६२,७९,८४१ एकांची सलग रांग होय.

अशा संख्यांना सतराव्या शतकातील फ्रेंच धर्मगुरू मारँ मर्सेन यांचे नाव मिळाले आहे. घातांक स्वतः मूळ असल्याखेरीज अशी संख्या मूळ ठरत नाही. पण तेवढे पुरेसेही नाही. घातांक ११ घेतल्यास २०४७ येते आणि ती २३ व ८९ यांचा गुणाकार निघते. आजवर ज्ञात झालेल्या मर्सेन मूळ संख्यांत नवी संख्या ५२ वी आहे.

एवढ्या संख्येचे विभाजक एकेक करून तपासणे अशक्यच. एदुआर लुकास यांनी एकोणिसाव्या शतकात मांडलेली आणि डी. एच. लेहमर यांनी पुढे सुधारलेली कसोटी येथे उपयोगी पडते. ४ पासून आरंभ करावा, वर्ग करून २ वजा करावेत, दिलेल्या संख्येने भागून बाकी ठेवावी. ही कृती घातांकापेक्षा दोनने कमी वेळा करावी. अखेरीस शून्य उरले तरच संख्या मूळ. ३१ साठी, म्हणजे घातांक ५ साठी, बाक्या १४, ८, ० अशा येतात. नव्या संख्येसाठी ही कृती १३,६२,७९,८३९ वेळा करावी लागली. अमेरिकेतील ल्यूक ड्युरँट यांनी अनेक देशांतील ग्राफिक प्रोसेसर या कामाला जुंपले होते. डब्लिनमधील प्रोसेसरने ११ ऑक्टोबरला संख्या बहुधा मूळ असल्याचे दाखवले. दुसऱ्या दिवशी सॅन अँटोनियो येथील प्रोसेसरने वरील कसोटीने ते सिद्ध केले.

कोणत्याही संख्येची मूळता खात्रीने व वाजवी वेळात ठरवणारी पद्धत आयआयटी कानपूरचे मणिंद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी २००२ मध्ये दिली. सैद्धांतिकदृष्ट्या ती मोठी झेप होती. मर्सेन संख्यांसाठी मात्र जुनी कसोटीच अधिक वेगवान ठरते.

अशा विक्रमी संख्या बँक व्यवहारांच्या सुरक्षेसाठी वापरल्या जातात, हा समज चुकीचा आहे. त्या कामी सुमारे तीनशे अंकी, यादृच्छिक आणि गुप्त मूळ संख्या लागतात; जगाला ठाऊक असलेली संख्या तेथे निरुपयोगीच.

मात्र प्रत्येक मर्सेन मूळ संख्येपासून युक्लिडच्या रीतीने एक परिपूर्ण संख्या मिळते, म्हणजे स्वतःखेरीज अन्य विभाजकांच्या बेरजेइतकी. उदाहरणार्थ ६ किंवा २८. नव्या संख्येपासून मिळणारी परिपूर्ण संख्या ८ कोटी २० लाख ४८ हजार ६४० अंकी असून ती सम आहे. विषम परिपूर्ण संख्या असू शकते का, हा प्रश्न अद्याप सुटलेला नाही.