आयत्या ज्येची कुळकथा

सेनगावच्या एखाद्या विद्यार्थ्याने पायथनला साइन ३० विचारला, तर उत्तर येते उणे ०.९८८. दहावीच्या पुस्तकात अर्धा असतो. तयार फंक्शनला कोन रेडियनमध्ये लागतो, अंशांत नाही. अंशांचे रेडियन करून दिले तरी पडद्यावर नेमका अर्धा येत नाही. ०.४ च्या पुढे नवांची लांब रांग येते आणि शेवटी एक चार. यंत्राने साइन कुठून आठवून सांगितलेला नसतो, त्याच क्षणी अंदाजाने काढलेला असतो. कोष्टक पाठ ठेवावे की सूत्र चालवावे, हा पेच फार जुना आहे.

या पेचाची गोष्ट आर्यभटापासून सांगता येते. गणिती पहिला भास्कर त्याला ‘आश्मक’, म्हणजे अश्मकचा, म्हणतो, आणि अश्मक जनपद बरेच अभ्यासक गोदावरीच्या खोऱ्यात मानतात. सेनगाव तालुक्याचे पाणीही शेवटी गोदावरीलाच मिळते. म्हणून आर्यभट आपल्या गावाकडचा, असा दावा कोणी करू नये. तेवढा पुरावा नाही. इ. स. ४९९ च्या सुमारास त्याने ज्येचे, म्हणजे आजच्या भाषेत साइनचे, कोष्टक दिले. पाव वर्तुळाचे २४ भाग, प्रत्येक भाग २२५ कलांचा (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग). ज्या न देता त्याने लागोपाठच्या ज्यांमधले फरक दिले: २२५, २२४, २२२, २१९... बेरीज करत गेले की ज्या मिळते. मधल्या कोनासाठी त्रैराशिक.

सातव्या शतकात पहिल्या भास्कराने कोष्टकच वगळण्याची वाट दाखवली. कोनाला १८० वजा कोनाने गुणा. या गुणाकाराची चौपट वर, आणि ४०५०० मधून तोच गुणाकार वजा करून खाली. ३० अंशांना उत्तर बरोबर अर्धा. ४५ ला ०.७०५९ येते, हवे असते ०.७०७१. कुठेही चूक ०.००१७ च्या वर जात नाही. हे सूत्र त्याला कसे सुचले, हे त्याने लिहिलेले नाही.

या सूत्राचा खरा व्यवहारी उपयोग कोकणात झाला. मुरूड-जंजिऱ्याजवळच्या नांदगावच्या गणेश दैवज्ञाने १५२० च्या सुमारास ‘ग्रहलाघव’ लिहिले आणि त्यातून ज्याचाप, म्हणजे ज्या आणि कंसांचे गणित, पूर्ण हद्दपार केले. सूर्याचे मंदफल, म्हणजे त्याच्या सरासरी स्थानाला द्यायची दुरुस्ती, काढायची त्याची रीत अशी: कोनाच्या अंशांना ९ ने भागा, आलेला आकडा २० मधून वजा करा, दोन्ही गुणा. या गुणाकाराचा नववा भाग ५७ मधून वजा करा आणि उरलेल्याने गुणाकाराला भागा. नीट मांडून पाहिले तर हे भास्कराचेच सूत्र, आकडे थोडे हलवलेले; ज्येचे नावही नाही. पंचांग करणाऱ्याला आत काय आहे ते कळायची गरज नव्हती. माझ्या मते मराठी मुलखातले हे पहिले खरे आयते फंक्शन. महाराष्ट्रातली पंचांगे पुढे शतकानुशतके त्याच्यावर चालली.

छापखाना आला आणि कागदावर आकड्यांच्या रांगा मांडणे सोपे झाले, तसे कोष्टक परतले. केरो लक्ष्मण छत्रे यांची ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ १८६० ची.

संगणकाला मात्र सुरुवातीला कोष्टक परवडत नव्हते. स्मृती तुटपुंजी होती. केंब्रिजच्या एडसॅक या संगणकावर विल्क्स, व्हीलर आणि गिल यांनी साइन काढण्यासारख्या तयार आज्ञाक्रमांचा कागदी फितींवरचा संग्रह केला, त्यावरचे त्यांचे पुस्तक १९५१ चे. १९५७ च्या फोरट्रान या संगणकभाषेने ते स्वतःतच सामावून घेतले. तिथे फंक्शनच्या नावाला शेवटी एफ लागे: साइनएफ, कॉसएफ. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये सीडीसी ३६०० हा संगणक आला, आणि फोरट्रानही.

१९५९ मध्ये जॅक व्होल्डरने विमानाच्या दिशादर्शनासाठी कॉर्डिक पद्धत मांडली. गुणाकार जवळजवळ नाहीच. दुपटी-निमपटी, बेरजा, आणि जवळ एक छोटे कोष्टक, तेही मोजक्या कोनांचे. १९७२ च्या एचपी-३५ या खिशातल्या गणकयंत्रात हीच पद्धत होती. आजचा पायथन सहसा वेगळे करतो: कोन आधी छोट्या टप्प्यात आणतो, मग बहुपदीत घालतो. आणि सुरुवातीच्या उत्तरातला शेवटचा तो चार येतो, तो ३० अंशांचे रेडियन, म्हणजे पाय (π) भागिले सहा, ही संख्याच यंत्रात पूर्ण मावत नाही म्हणून.