मंडणगड : एका गडनामाचा विचार

गेल्या पौषात, संक्रांतीच्या आधीच्या आठवड्यात, प्रस्तुत लेखकास मंडणगडी जाण्याचा योग आला. कोकणातली थंडी ती काय, असे देशावरचा मनुष्य हसून म्हणेल. परंतु सावित्रीच्या खोऱ्यात रात्री साचलेले धुके उजाडताना डोंगराच्या अंगाने वर चढू लागले की गावातल्या म्हाताऱ्या माणसांची कानटोपी दहा वाजेपर्यंत निघत नाही, हे प्रत्यक्ष पाहिले. गड पाहण्याचा ऋतू मात्र हाच. पावसाळ्यात गवतात वाट हरवते, वैशाखात कातळ पाय ठेवू देत नाही. पौष-माघात गवत वाळून बसलेले असते आणि तटाचा ढासळलेला चिरा न् चिरा दिसतो.

जाण्याचा हेतू बोलीचे नमुने टिपण्याचा होता. ग्रिअर्सनने आपल्या भाषिक सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (१९०५) ‘बाणकोटी’ या नावाने जिची नोंद केली, तिचा हा मुलूख. पण सोबत गड चढणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांनी वाटेतच वेगळा विषय काढला. “साहेब, आमचा मंडणगड दोन हजार वर्षांचा आहे. ग्रीक लोकांनी नाव लिहून ठेवलंय. तुम्ही भाषेतले, तुम्ही तरी हे कुठं छापा.” मी लगेच होकार दिला नाही, हे त्यांच्या ध्यानात आले असावे. प्रस्तुत टिपण हे त्यांना द्यावयाचे राहिलेले उत्तर होय.

त्यांच्या म्हणण्याला आधार नाही असे नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘एरिथ्रियन समुद्राचा पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात कल्याणच्या पुढील बंदरांची यादी आहे. तीत सेमुल्ला म्हणजे चौल, आणि त्याच्या लगेच पुढे मंदगोरा, मग पालाइपात्माइ, मेलिझेइगारा अशी नावे येतात. दुसऱ्या शतकातील टॉलेमीने तेच नाव ‘मंदगरा’ असे दिले आहे. मुंबई गॅझेटियरच्या रत्नागिरी व सावंतवाडी या दहाव्या खंडात (१८८०) हे मंदगोरा आपल्या मंडणगडाशी जोडण्याचा तर्क आढळतो. तेथून तो पुढच्या पुस्तकांत व त्यांतून लोकांच्या तोंडी गेला. छापील तर्क एकदा शाळेत पोचला की तो तर्क राहत नाही.

या मताला पहिला अडथळा भूगोलाचा. पेरिप्लसच्या यादीतील स्थळे ही बंदरे आहेत, आणि मंडणगड हा समुद्रापासून कित्येक मैल आत असलेला डोंगर. त्यावर असे उत्तर देण्यात येते की, बंदर बाणकोटचे असेल आणि नाव मागच्या डोंगराचे. हे अशक्य नाही; खलाशी किनाऱ्याला डोंगराच्या खुणेने ओळखतात. म्हणून केवळ भूगोलावर हा दावा फेटाळता येत नाही, तो शब्दाच्या अंगाने तपासला पाहिजे.

दाव्याच्या बाजूने जे सर्वांत सबळ आहे ते प्रथम सांगणे न्याय्य होईल. ग्रीक लिपीत ‘ड’ नाही. आपला ‘ड’ ग्रीकांच्या कानाला पुष्कळदा ‘र’ असा ऐकू येई. लाट देशाला, म्हणजे प्राकृतातील ‘लाड’ला, टॉलेमी ‘लारिके’ म्हणतो. तेव्हा ‘मंदगरा’ या ग्रीक नावामागे ‘–गड’ असे अंत्यपद असू शकते, हे मान्य केले पाहिजे. तसेच ग्रीक ‘न्द’ हा आपल्या ‘न्द’चाही असेल आणि ‘ण्ड’चाही. येथपर्यंत शिक्षकमहाशयांची बाजू भक्कम आहे.

अडचण यापुढे आहे. जे नाव पहिल्या शतकापासून अखंड लोकांच्या तोंडून उतरत आले, त्याला भाषेतील ध्वनिपरिवर्तनांतून सुटका नसते. प्राकृतात दोन स्वरांमधला ‘ग’ टिकत नाही. ‘नगर’चे ‘नयर’ व पुढे ‘नेर’ झाले ते याच वाटेने. संगमनेर, पारनेर, अमळनेर ही त्याची साक्ष. दुसरे असे की, अनुनासिकयुक्त जोडाक्षर सैल पडताना मराठीत मागचा स्वर दीर्घ होतो : दन्त–दांत, चन्द्र–चांद, मण्डप–मांडव. आता ‘मंडणगड’ या नावाकडे पाहावे. त्यात ‘ग’ शाबूत आहे, पहिला स्वर ऱ्हस्व आहे, आणि ग्रीक नावात ज्याचा मागमूस नाही असा ‘ण’ मध्ये उभा आहे. दोन हजार वर्षे झिजलेल्या नाण्यावर मुद्रा इतकी ठसठशीत राहत नाही.

येथे एक आक्षेप मीच नोंदवून ठेवतो. लांब शब्दात आघातापूर्वीचा दीर्घ स्वर मराठीत पुन्हा ऱ्हस्व होतो, हे झूल ब्लॉक यांनी सविस्तर दाखविले आहे. (वासुदेव गोपाळ परांजपे यांनी केलेले त्यांच्या ग्रंथाचे मराठी भाषांतर १९४१ सालचे; आमच्या विद्यार्थ्यांनी ते वाचावे असे दरवर्षी सांगतो, फारसे कोणी वाचत नाही.) तेव्हा ऱ्हस्व ‘मं’ एवढ्याच पुराव्यावर निकाल देता येणार नाही. पण ‘ग’ आणि ‘ण’ यांची वाट या नियमाने लागत नाही.

उलट, हे सर्व नियम ज्याला तंतोतंत लागू पडतात असे एक नाव जवळच आहे. राजपुरीच्या खाडीवर, कुडे येथील बौद्ध लेण्यांच्या पायथ्याशी, मांदाड नावाचे गाव आहे. ‘मन्दगड’ असे मूळ धरले तर ‘ग’ लोप पावून ‘मन्दअड’ आणि स्वर दीर्घ होऊन ‘मांदाड’ हे रूप वाकवल्याशिवाय मिळते. कुड्याच्या कोरीव लेखांत मांदव खंदपालित या महाभोजाचा उल्लेख आहे. तेथेही ‘द’ दंत्यच आहे. चौलहून दक्षिणेस निघालेल्या गलबताला आधी राजपुरीची खाडी लागते, सावित्रीचे मुख नंतर. मंदगोरा म्हणजे मांदाड हे मत नवे नव्हे, अनेकांनी ते मांडले आहे. ध्वनिनियम त्याच्याच पक्षाला साक्ष देतात एवढेच मला सांगावयाचे आहे.

मग ‘मंडणगड’ हे नाव आले कोठून? याचे उत्तर गॅझेटियरकर्त्यांना १८८० साली देता येणे शक्य नव्हते, कारण तो ग्रंथ तेव्हा उजेडात आला नव्हता. कवींद्र परमानंदाचे संस्कृत ‘शिवभारत’ सदाशिव महादेव दिवेकर यांनी १९२७ साली प्रसिद्ध केले. हे काव्य बत्तिसाव्या अध्यायाच्या आरंभीच तुटते, आणि त्याच्या अखेरच्या भागात १६६१ ची कोकणची मोहीम आहे. फेब्रुवारीच्या प्रारंभी उंबरखिंडीत कारतलबखानाची वाट अडविल्यावर शिवाजी महाराज कोकणात उतरले. पल्लीवनचा, म्हणजे पालवणीचा, जसवंतराव दळवी हा आदल्या वर्षी सिद्दी जौहरच्या बाजूने उभा राहिला होता. महाराज येत आहेत असे कळताच तो शृंगारपूरच्या सुर्व्यांच्या आश्रयास पळाला. पालवणी महाराजांच्या हाती आली, आणि तिच्या जवळच्या ‘चिरदुर्ग’ या गडाला त्यांनी ‘मंडनगड’ असे नाव दिले, असे या काव्यातील कथन आहे. ज्या ऋतूत मी गड चढलो त्याच ऋतूच्या अखेरीस ही मोहीम झाली, हा योगायोग खराच. पण सैन्य हलविण्याचे दिवसही तेच, म्हणून तो फार मोठा योगायोग नव्हे.

परमानंद कवी होता, आणि ग्राम्य नावाला संस्कृत साज चढविण्याची कवींना हौस असते. तेव्हा मूळचे ‘मांडण’ असे काही लोकनाम त्याने ‘मंडन’ केले असेल, अशी शंका कोणी घेईल. मला ती ग्राह्य वाटत नाही, कारण तो जुने नाव वेगळे सांगतो. व्युत्पत्ती रचणारा कवी जुने नाव झाकतो, दाखवीत नाही. शिवाय कोंढाण्याचा सिंहगड, तोरण्याचा प्रचंडगड, रायरीचा रायगड करणाऱ्या राजवटीच्या नामकरणपद्धतीत ‘मंडनगड’, म्हणजे भूषणरूप गड, चपखल बसतो. दरबारी ‘मंडन’ला लोकांनी ‘मंडण’ केले; मराठीने या नावावर उमटविलेला ठसा काय तो एवढाच. ‘चिरदुर्ग’ या जुन्या नावात मात्र कोकणातला चिरा, म्हणजे जांभ्या दगडाचा घडीव ठोकळा, लपला असावा असे मला राहून राहून वाटते. हा निव्वळ तर्क. त्याला कागद नाही.

गॅझेटियरने गडाचे तीन भाग नोंदविले आहेत : दोन तलाव असलेला मूळ मंडणगड, मधला परकोट आणि पश्चिमेचा जांबा. पहिला शिवाजी महाराजांचा, दुसरा हबशांचा, तिसरा आंग्र्यांचा, अशी वाटणीही केली आहे. पहिल्याबद्दलचा कयास शिवभारताशी जुळतो. उरलेल्या दोहोंत परकोट म्हणजे बाहेरचा तट, आणि जांबा हा बहुधा जांभाच. ही सामान्यनामे आहेत. त्यांवरून बांधणाऱ्याची जात ठरत नाही. १८१८ साली कर्नल केनेडीने गड घेतला आणि त्याचा लष्करी इतिहास तेथे थांबला.

आता शिक्षकमहाशयांचे काय? येथे मला स्पेनमधील एका डोंगरी शहराची आठवण होते. आरागॉन प्रांतात, जेथे हिवाळ्यात कडाक्याचे गार वारे वाहतात अशा उघड्या टेकड्यांच्या कुशीत, कालातायुद वसले आहे. नाव अरबी : ‘कलअत अय्यूब’, अय्यूबचा किल्ला. आठव्या शतकाच्या आरंभी अरब स्पेनमध्ये आले, तेव्हा त्याच्या पूर्वी हे नाव असू शकत नाही. परंतु तेथून अवघ्या काही मैलांवर बिल्बिलिस या जुन्या नगराचे अवशेष आहेत. लॅटिन कवी मार्शल हा त्या गावचा. रोममध्ये पस्तीसेक वर्षे काढून तो पहिल्या शतकाच्या शेवटी तेथेच परतला, आणि त्या बाजूच्या बर्फाळ डोंगरांचा उल्लेख त्याच्या काव्यात आहे. आजही कालातायुदचा रहिवासी स्वतःला ‘बिल्बिलितानो’ म्हणवितो. शहराचे नाव अरबांचे आणि नागरिकांचे नाव रोमपूर्व काळचे! कालातायुद हा शब्द बिल्बिलिसपासून निघाला असे तेथे कोणी म्हणत नाही, आणि म्हणून त्यांच्या अभिमानाला बाधही येत नाही.

हाच अरबी ‘कलअ’ स्पेनमध्ये ‘अल्काला’ झाला, सिसिलीत काल्तानिसेत्ता व काल्ताजिरोने या नावांत शिरला, पूर्वेस बलुचिस्तानात ‘कलात’ होऊन राहिला, आणि फारसीच्या वाटेने मराठीत ‘किल्ला’ झाला. स्पेनमध्ये तो नावात गोठला. अल्कालाच्या सामान्य नागरिकाला आपल्या गावाच्या नावात किल्ला आहे याची दाद नसते. आल्कांताराचा पूल प्रसिद्ध आहे, आणि ‘अल्-कंतरा’ म्हणजेच पूल. पुलाचा पूल झाला तरी कोणी हसत नाही. मराठीत उलट झाले. ‘किल्ला’ बोलण्यात राहिला. राज्यव्यवहारकोशाने त्याला ‘दुर्ग’ हा पर्याय दिला तरी तो हटला नाही. पण डोंगरी किल्ल्यांच्या नावांत मान मिळाला तो ‘गड’लाच. ‘किल्ले मंडणगड’ ही पाटी आल्कांताराच्या पुलाइतकीच द्विरुक्त आहे. फरक एवढाच की आपल्याला दोन्ही शब्दांचे अर्थ कळतात.

उतरताना मी शिक्षकांना मांदाडची हकीकत थोडक्यात सांगितली. ते काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “म्हणजे ग्रीकांचं ते नाव पलीकडच्यांना द्यायचं म्हणता?” मी म्हटले, नाव त्यांना देऊ, पण सोळाशे एकसष्टचे नामकरण तुमच्याकडे राहते. असा दिवस, असा प्रसंग किती गावांना दाखविता येतो? ते त्यांना पुरेसे वाटले की नाही, सांगता येत नाही. पायथ्याशी एक बाई लाकडाची मोळी घेऊन भेटली, तिने विचारले, “गडावर गेल्लात काय?” तिच्या बोलण्यात ‘मंडणगड’ म्हणजे बाजार, एस.टी.चा थांबा आणि कचेरी. डोंगर तो नुसता ‘गड’. हा भेद वहीत टिपून घेतला आणि खाली बाजाराकडे निघालो.