खुंटीसकट आलेला पाहुणा

ई. कोलाय हा तसा सज्जन भाडेकरू. आपल्या आतड्यात जन्मभर गुपचूप राहतो. पण त्याच्या भावकीत काही गुंड आहेत. १९४५ साली लंडनजवळ जॉन ब्रे या डॉक्टरने तान्ह्या बाळांच्या जुलाबाच्या साथीत असाच एक गुंड पकडला. पुढे या टोळीला 'ईपीईसी' हे नाव पडलं.

हा जंतू आतड्याच्या पेशीला असा चिकटतो की त्याच्याखाली पेशीचा छोटा ओटाच उभा राहतो. चिकटायला त्याच्याकडे इंटिमिन नावाचं प्रोटीन असतं. पण ते अडकतं कशाला?

नव्वदच्या दशकात पेशीच्या पडद्यात एक प्रोटीन सापडलं, वजन साधारण ९० किलोडाल्टन. पेशीत सापडलं म्हणजे पेशीचंच असणार, म्हणून नाव ठेवलं 'एचपी ९०'. एच म्हणजे होस्ट, यजमान! आमच्या धंद्यात व्हेरिएबलला चुकीचं नाव दिलं की पुढचे सगळे त्या नावावर विश्वास ठेवून भलतीकडेच बग शोधतात, तसंच हे. शिवाय त्यांची टेस्ट फक्त टायरोसिनवर फॉस्फेट लागलेली प्रोटीनं दाखवायची, आणि जंतूत असताना याला ते फॉस्फेट नसतंच.

१९९७ साली कॅनडात, ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात ब्रेंडन केनी, ब्रेट फिन्ले आणि मंडळींनी दाखवलं की हे प्रोटीन जंतूचंच आहे. तो ते पेशीत टोचतो, पेशीचीच एन्झाइम्स त्याला फॉस्फेट लावतात, मग ते पडद्यातून डोकं बाहेर काढतं आणि इंटिमिन त्यात अडकतं. म्हणजे पाहुणा येताना भिंतीत ठोकायची खुंटीसुद्धा घेऊन आला! नवं नाव 'टिर'.

टोचण्याची युक्ती एकट्या ईपीईसीची नाही, बरं का. १८९६ साली मुंबईत आलेल्या प्लेगचा जंतूही पांढऱ्या पेशींना असंच टोचून लुळं करतो. १९९८ मध्ये साल्मोनेलातलं हे यंत्र इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली दिसलं: खाली बैठक, वर पोकळ सुई. ज्या शेपटीने जंतू पोहतात तिच्या बुडाशी याचं चांगलंच साम्य आहे.

असो. २०१३ साली आफ्रिका आणि आशियातल्या सात ठिकाणांचा (त्यातलं एक कोलकाता) मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. जुलाब झालेल्या, वर्षाच्या आतल्या ज्या बाळांमध्ये अस्सल ईपीईसी सापडला, त्यांना मृत्यूचा धोका जास्त होता.