आबाजींचं घर, आत्याचा नंबर

आबाजी घराची गोष्ट आड्यापासून सुरू करत. भिंती, दार, ओसरी यांची पाळी मागून यायची. "आडं बिज्याचं होतं. सात जणायनं खांद्यावर आनलं," असं म्हणून ते मान वर करत आणि आम्ही पोरंही वर बघत असू. धुरानं काळं पडलेलं ते आडं खरोखर तिथं होतं.

आमचं गाव आरमोरी तालुक्यातलं. आबाजींनी घर बांधलं तेव्हा गडचिरोली जिल्हा नव्हता. तो २६ ऑगस्ट १९८२ ला झाला. त्यांच्या तोंडी शेवटपर्यंत चांदा जिल्हाच राहिला. मालगुजारीचे ते अखेरचे दिवस. रान मालगुजाराचं, पण घराला लागणारं लाकूड, कुंपणाची काटी, जळण, गुरांची चराई हा गावाचा निस्तार. कोणाला काय न्यायचा हक्क, हे वाजिब-उल-अर्ज या गावच्या दस्तऐवजात लिहिलेलं असे. आबाजींना वाचता येत नव्हतं, तरी हा शब्द ते अडखळल्याशिवाय उच्चारत. तो त्यांच्या घराचा आधार होता.

धान झोडून झालं की घराचं काम निघायचं आणि रोहिणीच्या आत छपरावर कवेलू चढायचे. खांब येनाचे, कुड बांबूचा, त्यावर माती आणि शेणाचा हात. कवेलूंच्या बदल्यात कुंभाराला धान. बाकी गावकरी आपल्या हातानं येत आणि संध्याकाळी आंबील-भात खाऊन घरी जात. पुढल्या वर्षी त्यांच्या घराला आबाजी जात. मी एकदा विचारलं, "आबाजी, घर मिळायला किती वर्षं थांबलात?" त्यांना प्रश्नच कळला नाही. "थांबाचं काहून? पानी येईन ना!"

त्यांच्या धाकट्या भावाचं, म्हणजे आमच्या धाकट्या आबाजींचं, घर गावाच्या कडेला, गुरं चरायच्या पडीकाला लागून उभं राहिलं. मालगुजारानं तोंडी "बांध" म्हटलं, गावानं हो म्हटलं. तेवढ्यावर काम झालं. १९५१ मध्ये मालगुजारी गेली आणि ती जमीन सरकारात जमा झाली. जिथं झाडोरा खुरटा, मोठं लाकूड नाही, त्या जमिनी कागदावर ‘झुडपी जंगल’ झाल्या. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात आला, १९६० ला महाराष्ट्र झाला. पुढं १९८० मध्ये वन संवर्धन कायदा आला आणि रानाची जमीन दुसऱ्या कामाला द्यायची तर केंद्राची परवानगी लागू लागली. धाकट्या आबाजींचं घर तसूभरही हललं नाही, त्याच्या खालच्या जमिनीचं नाव तेवढं बदलत गेलं. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांत अशी हजारो हेक्टर जमीन आहे.

आता त्या घरात आत्या राहते. धाकट्या आबाजींची लेक, विधवा होऊन माहेरी आली ती तिथंच राहिली. इंदिरा आवास योजना १९८५-८६ ची; तेव्हापासून ‘घरकुल’ हा शब्द गावात रुळला. २०१६ मध्ये ग्रामीण भागासाठी प्रधानमंत्री आवास योजना आली आणि २०११ च्या सामाजिक-आर्थिक पाहणीवरून यादी ठरली. त्यात आत्याचं नाव नव्हतं. मुलानं जुनी मोटारसायकल घेतली होती, आणि दुचाकी असली की नाव बाद असा तेव्हाचा नियम होता. दूध घालायला घेतलेल्या त्या गाडीपायी कुडाचं घर यादीबाहेर गेलं, हे मला आजही अन्यायाचं वाटतं. पुढं २०१८ ला सुरू झालेल्या नव्या पाहणीतून ‘प्रपत्र ड’ची यादी निघाली आणि तिथं नाव लागलं. गडचिरोलीत तेव्हा घराला १ लाख ३० हजार रुपये मिळत. निदान २५ चौरस मीटरचं घर बांधावं लागतं. आत्यानं दोरी धरून तेवढी जागा मोजूनही ठेवली. मग जागेचा कागद मागितला गेला, आणि काम तिथंच अडलं.

माझे धाकटे काका गाव सोडून चांद्याला, म्हणजे चंद्रपूर शहरात, गेले होते, कोळशाच्या कामावर ठेकेदाराकडं मजुरीला. इरई नदीच्या अंगच्या वस्तीत त्यांनी पत्र्याची खोली घातली. घरटॅक्सची पावती, विजेचं बिल, मतदार ओळखपत्र, सगळं त्या खोलीच्या पत्त्यावर. शहरी योजनेत स्वतः बांधणाऱ्याला केंद्राचे दीड आणि राज्याचा एक असे अडीच लाख मिळतात, पण जमीन नावावर हवी आणि बांधकामाची परवानगी हवी. खोली निळ्या पूररेषेच्या आत, तिथं परवानगी कुठली? जुलै २०२२ च्या पुरात खोलीत छातीभर पाणी आलं. काकूंनी पहिली काय उचलली, तर ती कागदांची पिशवी. म्हाडाच्या सोडतीचा मार्ग होता. पण अनामत भरायची, नंबर लागला तर कर्ज काढायचं, आणि ठेकेदारीच्या मजुराकडं पगाराची चिठ्ठी नसते. एका कार्यालयातल्या बाबूनं काकांना सांगितलं, "नंबर येईल, वाट पाहा." काका सात वर्षं दर सोमवारी गेले. आता ते नाहीत, फाईल आहे.

मला यातून एकच गोष्ट म्हणायची आहे. आमच्याकडच्या गरिबाला घर बांधता येत नाही असं नाही. बांबू, माती, हात आणि शेजारी त्याच्याजवळ आजही आहेत. त्याच्या पायाखालची जमीन त्याची आहे, एवढंच कोणी लिहून दिलेलं नाही, आणि घराची प्रत्येक यादी तो कागद त्याच्या खिशात आहे असं धरून चालते. जागा विकत घ्यायला दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाची मदत-योजना आहे. पण आत्या म्हणते, "माह्या बापाची जागा मीच इकत घेऊ का, बाबू?" या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हतं.

२२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं झुडपी जंगल हे वनच आहे असा निकाल दिला. मात्र १२ डिसेंबर १९९६ पूर्वी सक्षम अधिकाऱ्यानं वाटप केलेल्या जमिनींसाठी राज्यानं केंद्राकडं मंजुरी मागावी, ही वाटही ठेवली. धाकट्या आबाजींना जागा मिळाली ती मालगुजाराच्या शब्दावर, आणि त्या शब्दाचे साक्षीदार आता मसणात आहेत.

वाचणाऱ्यांना विनंती आहे. तुमच्या गावच्या ग्रामसभेत घरकुलाची यादी निघेल तेव्हा ती मोठ्यानं वाचायला लावा, आणि नावापुढं जागेची नोंद काय आहे तेही वाचायला सांगा. कोणाच्या चुलीखाली ‘झुडपी जंगल’ लिहिलं आहे ते त्याच दिवशी कळू द्या. आणि गावात नव्वदी गाठलेलं कोणी असेल, तर कोणतं घर कोणत्या साली, कोणाच्या सांगण्यावरून उभं राहिलं, ते आजच विचारून लिहून घ्या.