मधोमध एक गोल, त्याला फुटल्या फांद्या



वही उघडली की आपण वरून खाली ओळी लिहीत जातो. शाळेत तसंच शिकलो. पण टिपण ओळींतच काढावं असा नियम नाही. त्याचाच थोडा इतिहास आज सांगते.

तिसऱ्या शतकात पोर्फिरी नावाचा एक ग्रीक तत्त्वज्ञ होता. वस्तूंचे प्रकार, त्यांचे पोटप्रकार अशी त्याची मांडणी होती. पुढे युरोपात ती झाडाच्या चित्रातून दाखवू लागले. आजही तिला ‘पोर्फिरीचं झाड’ म्हणतात.

१८३७ साली इंग्लंडमध्ये चार्ल्स डार्विन एका कोड्यात होता. एका जीवापासून अनेक जाती निघाल्या असतील, तर त्या कशा? त्याने आपल्या खासगी वहीत फांद्या फुटलेलं एक ओबडधोबड झाड काढलं. ते कुणाला दाखवायला नव्हतं, स्वतःला उमजावं म्हणून होतं. १८५९ साली त्याचं गाजलेलं पुस्तक आलं. त्यात आकृती एकच होती, तीही फांद्यांचीच!

१९७४ साली टोनी बुझान यांनी बीबीसीच्या दूरचित्रवाणीवरून ही रीत घरोघरी नेली. तिला नाव मिळालं ‘माइंड मॅप’, म्हणजे मनाचा नकाशा. कागद आडवा धरायचा. मधोमध विषयाचं चित्र, त्यातून फांद्या, फांदीवर एकच शब्द, आणि रंग निरनिराळे.

हे सगळे शिकलेले लोक. मग ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं काय? १९८०च्या दशकाच्या अखेरीस गुजरात-कर्नाटकातल्या खेड्यांत काही संस्थांनी गावकऱ्यांनाच जमिनीवर नकाशे काढायला सांगितलं. खडे, बिया, काड्या, रांगोळी हेच साहित्य. कोणती संस्था गावाच्या किती कामाची, हे लहानमोठ्या गोलांनी दाखवायचे. त्याला नावच पडलं ‘चपाती आकृती’. आपण ज्याला पीआरए म्हणतो ते हेच.

पुढे १९९३ ते १९९५ या काळात युगांडा, बांगलादेश आणि एल साल्वाडोरमध्ये ‘रिफ्लेक्ट’ नावाचा प्रौढ साक्षरतेचा प्रयोग झाला. तिथे छापील अंकलिपी नव्हती. माणसं आधी नकाशा काढत, मग तो कागदावर उतरवत आणि त्यातलेच शब्द लिहायला शिकत.

हे आपल्याला कशाला हवं? कारण जिच्या हाती वही, तिच्याच हाती गटाची आठवण राहते. जिचा हात लिहिताना अडखळतो, ती गप्प बसते आणि कर्जाच्या कागदावर नुसता अंगठा उमटवते.

गटाचं इतिवृत्त ओळींतच राहू द्या, बँकेला ते लागतं. पण स्वतःसाठी मनाचा नकाशा काढून बघा. समजा, शेळ्यांसाठी कर्ज घ्यायचंय. मधोमध शेळी काढा. फांद्या काढा: चारा, गोठा, लस, विमा, हप्ता, बाजार. शब्द नको असेल तर चित्र चालेल. कुणाला गोल जमतील, कुणाला पायऱ्या, कुणाला महिन्यांची रांग. जे तुम्हाला आठ दिवसांनी बघूनही कळेल, ते टिपण तुमचं.

आता नकाशा नीट बघा. ‘विमा’च्या फांदीला पुढे काहीच फुटलं नाही? मग सही करण्याआधी तेच विचारा.