द्रवीय जॅक

जड वस्तू थोड्या उंचीपर्यंत उचलण्यासाठी बंदिस्त द्रवाच्या दाबाचा उपयोग करणाऱ्या साधनास द्रवीय जॅक म्हणतात. मोटारदुरुस्तीच्या कामात, पूल व इमारती उचलण्यासाठी, तसेच उभ्या असलेल्या मोटारघराची (राहण्याची सोय असलेल्या मोटारगाडीची) पातळी साधण्यासाठी तो वापरतात. भार उचलणे या साधनाला सोपे जाते. उचललेला भार निर्धोकपणे पेलून धरणे आणि काम झाल्यावर दट्ट्या पूर्ववत आत घेणे या गोष्टी मात्र तितक्या सोप्या नाहीत. या साधनाच्या इतिहासातील बहुतेक महत्त्वाच्या सुधारणा आणि दुर्घटना या दोन अडचणींशी निगडित आहेत.

तत्त्व : बंदिस्त द्रवाच्या एका भागावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हे तत्त्व ब्लेझ पास्कल या फ्रेंच शास्त्रज्ञांनी मांडले. द्रवांच्या समतोलावरील त्यांचा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १६६३ मध्ये प्रसिद्ध झाला. एक चौ. सेंमी. क्षेत्रफळाच्या लहान दट्ट्यावर २० किग्रॅ. भार दिल्यास ५० चौ. सेंमी. क्षेत्रफळाच्या मोठ्या दट्ट्यावर १,००० किग्रॅ. भार तोलला जातो. मात्र मोठा दट्ट्या १ सेंमी. वर सरकण्यासाठी लहान दट्ट्याला एकूण ५० सेंमी. सरकावे लागते, म्हणजे प्रेरणेत जो लाभ होतो त्याची भरपाई अंतरात करावी लागते. [⟶ द्रायुयामिकी].

इतिहास : पास्कल यांचे तत्त्व प्रत्यक्ष यंत्रात उतरण्यास सव्वाशेहून अधिक वर्षे लागली. कुलुपांसाठी प्रसिद्ध असलेले इंग्रज कारागीर जोझेफ ब्रामा यांनी १७९५ मध्ये द्रवीय दाबयंत्राचे एकस्व (पेटंट) घेतले. दट्ट्या व सिलिंडर यांच्यामधील फटीतून होणारी पाण्याची गळती ही त्यांची मुख्य अडचण होती. फट घट्ट भरून बंद केली, तर गळती थांबे. पण दट्ट्या अडकून बसे व परत येत नसे. ब्रामा यांच्या कारखान्यातील हेन्री मॉडस्ले यांनी यावर चामड्याच्या वाटीसारख्या कड्याचा उपाय शोधला, असे मानले जाते. दाब वाढला की या कड्याची कड फुगून दट्ट्याला घट्ट बसे आणि दाब काढला की आपोआप सैल होई. आजच्या कृत्रिम रबराच्या कड्यांमागेही हीच कल्पना आहे.

वेल्समधील मेनाई सामुद्रधुनीवरील ब्रिटानिया पुलाच्या बांधणीत द्रवीय दाबयंत्राची मोठी कसोटी लागली. या पुलाच्या मुख्य गाळ्यांसाठी सुमारे १४० मी. लांबीच्या आणि प्रत्येकी १,५०० टनांहून अधिक वजनाच्या लोखंडी नळ्या तराफ्यांवरून आणून सुमारे ३० मी. उंच चढवायच्या होत्या. नळी जसजशी वर जाईल तसतसे तिच्या खालील पोकळीत लगोलग आधाराचे बांधकाम करीत जावे, असा दंडक अभियंते रॉबर्ट स्टीव्हन्सन यांनी घातला होता. या सावधगिरीने काम मंदावत होते. तथापि १७ ऑगस्ट १८४९ रोजी एका दाबयंत्राच्या ओतीव लोखंडी सिलिंडरचा तळ फुटला, तेव्हा तिचे मोल कळून आले. नळी काही इंच खाली येऊन आधारावर टेकली. या अपघातात एक माणूस मरण पावला. पण नळी व पुलाचे काम बचावले. १८५० मध्ये पूल वाहतुकीस खुला झाला. १९७० मध्ये लागलेल्या आगीत या नळ्या निकामी झाल्या व पूल नव्या रचनेने पुन्हा बांधावा लागला.

हाताने नेता येण्याजोग्या द्रवीय जॅकचे एकस्व न्यूयॉर्कच्या रिचर्ड डजन यांनी १८५१ मध्ये घेतले. पुढे इझंबार्ड किंग्डम ब्रुनेल यांचे ‘ग्रेट ईस्टर्न’ हे सुमारे २११ मी. लांबीचे जहाज टेम्स नदीकाठी अडकून पडले, तेव्हा अशा साधनांची गरज प्रकर्षाने जाणवली. हे जहाज आडवे सरकवून पाण्यात सोडायचे होते. ३ नोव्हेंबर १८५७ रोजीच्या पहिल्या प्रयत्नात प्राणहानी झाली आणि जहाज थोडेसे सरकून थांबले. उतरणीवर लोखंडावर लोखंड घासत असल्याने घर्षण अपेक्षेपेक्षा फार अधिक होते. मग ठिकठिकाणांहून दाबयंत्रे आणण्यात आली. त्यांत ब्रिटानिया पुलासाठी वापरलेले यंत्रही होते. कडाक्याच्या थंडीत काही यंत्रे फुटली. अखेर ३१ जानेवारी १८५८ रोजी जहाज तरंगले. या कामाने बर्मिंगहॅमच्या टँगाय बंधूंच्या जॅकची ख्याती झाली. १८७८ मध्ये लंडन येथे ‘क्लिओपात्राची सुई’ हा प्राचीन ईजिप्शियन स्तंभ उभारतानाही द्रवीय जॅक वापरले गेले.

मोटारघरातील समतलन जॅक : अमेरिकेत १९६० नंतरच्या काळात मोटारघरांचा प्रसार झाला. त्यांत बसविलेल्या शोषण-प्रशीतकासाठी (फ्रीजसाठी) गाडी समपातळीत असणे आवश्यक ठरले. बाल्ट्झार फोन प्लाटेन व कार्ल मुंटर्स या स्वीडिश अभियंत्यांनी १९२२ मध्ये शोधलेल्या या प्रशीतकात पंप नसतो. अमोनियाचा विद्राव गुरुत्वाकर्षणाने वाहतो. गाडी फार कलती राहिल्यास हा प्रवाह खुंटतो व तापविला जाणारा भाग प्रमाणाबाहेर तापतो. म्हणून गाडीच्या सांगाड्याला तीन किंवा चार द्रवीय जॅक बसवितात. विजेऱ्यांवर चालणारा पंप टाकीतील तेल दाबाने सोडतो आणि प्रत्येक जॅकची विद्युत् चुंबकीय झडप ते हव्या त्या सिलिंडरकडे वळविते. दट्ट्या बाहेर काढण्याचे काम तेल करते. पुष्कळ रचनांत तो आत घेण्याचे काम मात्र ताणलेल्या स्प्रिंगांवर सोपविलेले असते. स्प्रिंगांची ओढ तेलाच्या दाबाच्या मानाने फारच कमी असते. त्यामुळे बाहेर जाताना सहज मात करता येणारा लहानसा अडथळाही परत येताना जॅक अडकवून ठेवतो.

दोष व निवारण : सर्वच जॅक अडकले असतील, तर दोष सामाईक भागात शोधावा. विजेऱ्यांचा दाब कमी असणे, सांगाड्याशी असलेली विद्युत् जोडणी गंजणे किंवा नियंत्रकाला हातब्रेक ओढल्याची सूचना न मिळणे, ही त्याची नेहमीची कारणे होत. अतिथंडीत तेल घट्ट झाल्यानेही दट्ट्ये मंद गतीने परततात. एकच जॅक अडकला असेल, तर दोष त्याची झडप, नळी किंवा सिलिंडर यांत असतो. झडपेवर हाताने उघडण्याचा स्क्रू असल्यास तो निर्मात्याच्या सूचनेनुसार हळूहळू फिरवून पाहतात. त्याने दट्ट्या आत गेला, तर दोष झडपेच्या विद्युत् मंडलात आहे असे समजावे. तरीही तो हलला नाही, तर दट्ट्यावरील गंज व चिखल, तुटलेली स्प्रिंग, आतून चिंबलेली नळी किंवा वाकलेला दट्ट्या यांचा शोध घ्यावा. जॅक खाली असताना गाडी पुढे नेल्यास दट्ट्या वाकतो. तो बदलणेच इष्ट असते.

तेलाची पातळी सर्व जॅक आत असताना पाहतात. ते बाहेर असताना टाकी काठोकाठ भरल्यास परतणारे तेल टाकीबाहेर सांडते. निर्मात्याने सांगितलेलेच तेल वापरावे. खनिज तेलासाठी बनविलेल्या संचात ब्रेकचे तेल घातल्यास रबरी कडी फुगून दट्ट्याला आवळून धरतात. ब्रामा यांच्यासमोरची मूळ अडचणच अशा वेळी नव्याने उभी राहते.

सुरक्षितता : मळसूत्राचा जॅक घर्षणामुळे सहसा आपोआप खाली येत नाही. द्रवीय जॅकचा भार मात्र झडप, नळी आणि कडी यांच्या अभंगतेवर अवलंबून असतो व यांपैकी एक भाग निकामी झाला तरी गाडी एकाएकी खाली येते. म्हणून केवळ द्रवीय जॅकच्या आधारावरील गाडीखाली कधीही शिरू नये. प्रथम सांगाड्याखाली भक्कम घन आधार द्यावेत. ज्या चाकांवर हातब्रेक चालतो ती जमिनीवरून उचलली गेल्यास गाडी घसरू शकते, हेही ध्यानात ठेवावे. दाबाखालील नळीची जोडणी सैल करू नये. तिच्यातून उडणारी तेलाची बारीक धार त्वचेत शिरून गंभीर इजा होते. भार द्रवाने उचलावा, पण घन आधारावर पेलावा, हा मेनाईच्या काठी पाळला गेलेला दंडक या लहान साधनालाही तितकाच लागू पडतो.